चाचणी कोणी भरली?
करिअर सल्लागाराच्या बाहेरच्या खोलीत वायरमन शिडीवर चढून पंखा बसवत होता, पण त्याचे कान खाली बसलेल्या मायलेकींकडे होते.

“यंत्रदुरुस्ती? आवडीच्या चाचणीतून हे निघालं? घरात कधी साधा बल्ब तरी बदललास?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“मग दीडशे प्रश्नांची उत्तरं कोणी दिली?”

“तू! मी टंगळमंगळ करते म्हणून कागद हिसकावून घेतलेस.”

“अगं, तुझा विचार करूनच भरले ना!”

“‘बिघडलेलं घड्याळ उघडून बघावंसं वाटतं का?’ याच्यापुढे ‘नेहमी’ लिहिलंस. माझा विचार करून?”

आईचं बोट निकालात सुचवलेल्या कोर्सवर टेकलं. वायरमनचा हात थांबला.

“आई?”

“तोंड चालवणं पुरे. त्या कोर्सला वयाची अट काय लिहिलीय, ते बघ.”