आर्टिचोकची दाढ

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाईंचे डोळे मासिकात होते, पण कान शेजारच्या बापलेकीकडे.

"बाबा, आर्टिचोक म्हणजे न उमललेली कळी. पाकळीच्या बुडाचा गर दातांनी ओढून खायचा, बाकीची टाकायची."

"मला काय ठाऊक? आपल्याकडे कुठे पिकतं ते? त्याला थंड हवा लागते."

"काल मुलाकडे जेवताना मी खुणा करत होते ना! तुम्ही अख्ख्या पाकळ्या चावल्यात."

"सुंभ चावल्यासारखं वाटलं. पण मला बघून मुलाचे वडीलही अख्ख्याच चावायला लागले."

"त्यांच्या तर बागेतलंच होतं, हौसेने लावलेलं!"

"हो ना! पाहुणा ओशाळू नये, म्हणून मुकाट्याने चावत राहिला भला माणूस."

"मग माझ्या लग्नाचं काय? काल सकाळपर्यंत नकोच म्हणत होतात."

तेवढ्यात आतून एक गृहस्थ गाल धरून बाहेर आले.

"या व्याही, या! तुमचीही दाढच का?"