कोपऱ्यातला लांब दगड

— न्हाई, तिथंच बसा, ओट्यावर. आन् तो कागद आधी खिशात घाला, सहीचं मागून बघू. आधी सांगा, माझं घर दाखवलं कोणी? बालाजीनं? वाटलंच मला! मंडळ त्याचं, कागद त्याचा, आन् सही मातर भुजंग गवंड्याची पायजे. वाचलं तुम्ही, समजलं मला. 'माझी बायको तारामती हिला पैशाचं आमिष दाखवून येशूच्या नादी लावलं.' एवढंच ना? म्हणजे ती प्रार्थनेची खोली पाडायला तुम्ही मोकळे. लातूरहून एवढ्यासाठी आलात — पेट्रोल कोणाचं? बरं, ऱ्हाऊ द्या.

संशय मलाबी होता की! तुमच्या आधीपासून होता. साठीची बाई, दर रविवारी किल्लारीच्या पल्याड दोन कोस चालत जाते, उन्हातान्हात, आन् येताना तोंडावर उजेड — हिला देतात तरी काय तिथं? पिशवी तपासली मी तिची. हाव, तपासली! चष्मा, गाण्याची वही आन् मूठभर भुईमुगाच्या शेंगा — त्याबी आमच्याच, तिथल्या लेकरांना वाटून उरलेल्या. मग एका रविवारी मागं गेलो. खिडकीखाली उभा ऱ्हायलो, चोरासारखा. आत काय — पंधरा-वीस माणसं, सतरंजी, ढोलकी. हिची पाळी आली, तशी उठली आन् म्हणली, 'माझी उज्वला सात वर्षांची होती.'

तीस वर्षं, पाव्हणं! भूकंपात लेकरू गेलं, तवापासून त्याचं नाव ह्या घरात निघालं न्हाई. माझ्यापुढं निघालं न्हाई, आन् त्या येशूपुढं — कधी डोळ्यानं न बघितलेल्या माणसापुढं — ढसाढसा रडून सांगून राहिली! राग येणार न्हाई? त्याच्याकडं असं काय हाय, जे माझ्याकडं न्हाई? त्या दिवशी आला असतात ना, दहा कागदांवर सही दिली असती.

कशानं गेली म्हणजे? भिंतीनं. सगळ्यांची गेली तशी. भिंत कोणाची — माझीच की, मीच बांधलेली. तुम्ही लिहून घेत न्हाई ना? तो मोबाईल पालथा ठेवा. जुन्या भिंती लई जाड, बघा — आतून एक थर, बाहेरून एक थर, मधी चिखल. दोन्ही थर धरून ठेवायला मधून मधून आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. एक होता, काळा, चांगला दोन हात लांब. बसत नव्हता. कोन घडवायला अर्धा दिवस गेला असता, आन् पोळा तोंडावर. दिला फेकून उकिरड्याकडं. वरून लिंपलं की कोणाला काय दिसतंय? आन् त्या पहाटे जमीन हलली, थर सुटले, आन् — आता हे तुम्हाला कामून सांगून राहिलो मी?

कोणाला ठाऊक नव्हतं, असं मला वाटायचं. त्या रविवारी घरी येऊन भांडलो तिच्याशी. तर भाकरी थापता थापता म्हणली, 'तुम्ही दगड फेकला तवा मी शेण टाकायला आले होते. बघितलं मी.' तीस वर्षं! भूकंपानंतर गाव इकडं हललं, तवा जुन्या गावातून गाडीत टाकून तिनंच तो दगड इथं आणवला, घरामागं त्याच्यावर धुणं धुवायची. मी रोज बघायचो आन् मनात म्हणायचो, हिला काय ठाऊक. 'तुम्हाला वाढताना हात आखडायचा माझा,' म्हणली. 'आता न्हाई आखडत. येशूनं घेतलं ते माझ्याकडून.' अहो, असं कोणी माफ करतं व्हय? अजून संशय हाय मला. जेवताना तिच्या तोंडाकडं बघतो, कुठं तरी राग दडवला असंल. सापडत न्हाई.

गेल्या महिन्यात त्या खोलीचा कोपरा खचला. म्हणली, 'आपला दगड घाला. माझ्या देवालाबी लोकांनी नको म्हणून असंच टाकलं होतं.' मी आत गेलो न्हाई. मी त्याला मानत न्हाई, हे पायजे तर लिहून घ्या. बाहेरूनच बसवला. कोन घडवला. अर्धा दिवस लागला. अर्धाच दिवस, पाव्हणं.

आन् तुम्ही म्हणता, तो कोपरा पाडायला सही द्या. आमिष? काय दिलं हो तिला त्यानं? जे दिलं ते तर मलाच —

थांबा. ती आली बघा, बादली घेऊन. उठा. आणा तो कागद इकडं, हां — झाले चार तुकडे, घ्या. गाडी फाट्यापर्यंत ढकलत न्या, इथं चालू करू नका. ती विचारील कोण आलं होतं, आन् तिच्याशी खोटं बोलायचं आता जमत न्हाई मला. उठा म्हणतो ना!