पुसलेला धूमकेतू

...नाही, पण दातांचा डॉक्टर? मी विचारतो, दातांच्या डॉक्टरचं आकाशात काय काम? दिवसभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून बसणारा माणूस, त्याला वर बघायला फुरसत मिळाली कुठून? आणि आम्ही इथे अकरा वर्षं... तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून मान मोडेपर्यंत बघतोय, आणि धूमकेतूला नाव कोणाचं? त्याचं!

कारण नियमच तसा आहे. नवा धूमकेतू जो पहिला बघून कळवेल, त्याचं आडनाव त्याला. मला दुसरं काय हवं होतं हो आयुष्यात? बंगला नको, गाडी नको, फक्त आडनाव तेवढं वर लागावं. खाली दारावरच्या पाटीतलं निम्मं गळून पडलंय, ते लावायचं राहिलंय, पण वर लागावं!

माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, कपाळाला हात लावून म्हणतं, "अंधुक दिसतंय हो, नंबर वाढला वाटतं." मी नंबरबिंबर काही तपासत नाही. मी म्हणतो, आधी काच पुसा! दहातल्या सहा जणांचा नंबर तिथेच उतरतो. सव्वीस वर्षं मी हेच सांगत आलोय आणि सव्वीस वर्षं बरोबर ठरलोय. तिथेच घात झाला.

त्या मंगळवारी सूर्य नुकताच मावळलेला, मी पश्चिमेला दुर्बीण लावलेली, आणि आमची ही वाळलेले कपडे काढायला वर आली. मी म्हटलं, "जरा डोळा लाव गं, मी पाणी पिऊन घेतो." तिने खांद्यावर चादर तशीच ठेवून डोळा लावला आणि म्हणाली, "अहो, इथे एक पुसट डाग आहे."

डाग म्हटल्यावर माझा हात कुठे जाणार? खिशात! खिशात काय? फडकं! आधी काच पुसा! पुसली. मग मी स्वतः बघितलं, तर डाग आहेच. परत पुसली. आहेच! म्हटलं, तेलकट आहे, उद्या दुकानात नेऊन द्राव लावून पुसू.

बुधवारी काच चकचकीत करून आणली, तर ही परत म्हणते, "डाग आहे अजून. पण काल त्या दोन ताऱ्यांच्या मध्ये होता, आज डावीकडच्याला चिकटलाय."

आता बघा हं! आकाशातला डाग ताऱ्यांमधून सरकला म्हणजे धूमकेतू, हे मी स्वतः शाळेतल्या मुलांना फळ्यावर काढून दाखवलंय! आणि मी काय बोललो? "पुसताना सरकला असेल!" ती म्हणाली, "दुर्बीण हलवली तर तारे जातात तसा तोही बाहेर जातो हो. काचेवरचा असता तर सोबत आला नसता का?" इतकं शहाण्यासारखं बोलली बिचारी, आणि मी तिलाच ऐकवलं, "तू कपडे सांभाळ. काचेतलं मला कळतं."

गुरुवारी मी कहर केला. अख्खी दुर्बीण उघडली! आतला मोठा आरसा काढला, बादलीत धुतला, दोरीवरच्या पंच्याशेजारी निथळत ठेवला. आकाश इतकं स्वच्छ... आणि त्याच संध्याकाळी, तिकडे कुठेतरी, त्या दातांच्या डॉक्टरने डाग बघितला आणि काहीही न पुसता कळवून टाकला!

शनिवारी पेपरात बातमी. मी जागा ताडून बघितली. तोच! मी हिच्यासमोर खुर्चीत बसलो आणि खरं सांगतो, रडू आलं मला. म्हटलं, "तुझा होता गं तो. तू पहिली. तुझं नाव लागलं असतं." ती घड्या घालत होती. म्हणाली, "आडनाव लागलं असतं ना? म्हणजे तुमचंच. मी बघायचं आणि पाटी तुमची."

आता तो नुसत्या डोळ्यांनीही दिसायला लागलाय. अख्खी गल्ली माझ्या गच्चीवर! "तुमच्याकडे दुर्बीण आहे ना, दाखवा की!" रांग जिन्यापर्यंत. काल पहिल्या नंबरला वरच्या मजल्यावरच्या मावशी. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "अरे, मला तर नुसता पुसट डाग दिसतोय."

मी छाती भरून श्वास घेतला, आता समजावून सांगणार, एवढ्यात मागून हिचा आवाज. "थांबा मावशी, बाजूला व्हा जरा. आधी काच पुसू द्या त्यांना."

सगळी गल्ली थांबली... आणि मी खिशातून फडकं काढलं आणि पुसली.