बैरूतला थांबलेलं विमान

—नाही हो, दिल्लीचं नव्हे ते, दिल्लीचं अजून यायचंय. तुमचे मिस्टर त्यातून येणार ना? मघाशी बॅग पडली तेव्हा 'अगं बाई' म्हणालात, म्हणून तर या बाकावर येऊन बसले. कलकत्त्यात, या दमदमच्या विमानतळावर मराठी ऐकू येतं कुठे! मी? मी लेकीला न्यायला आलेय. लीना. टोरांटोला असते. पासष्ट साली लग्न होऊन गेली, ती आत्ता सात वर्षांनी येतेय — साडेसात हजार मैल आहे म्हणे, हे सांगायचे, नकाशावर वीतभर दिसतं गं, पण चांगला दीड दिवस लागतो. टोरांटोहून लंडन, तिथून बैरूत, मग इथे. वडलांना बघायला येतेय. हे आजारी — म्हणजे होते. परवा ती निघाली आणि तेव्हापासून ह्यांचं एकच, आता कुठे असेल गं? मी म्हणायची, लंडन आलं असेल, झोपा. घटकाभरानं पुन्हा — आता? काल सकाळी विचारलं तेव्हा म्हटलं, बैरूत सुटलं असेल, आलीच. सुटलं कुठलं! विमान बिघडून तिथंच अडकून पडलेलं, ते मला दुपारी कळलं. तोवर ह्यांचं विचारणं थांबलं होतं.

—रडत नाहीये हो. येतच नाही रडू, त्याला काय करू? तिच्यासाठी थांबायचं ठरलं. शेजारच्या घोषबाबूंनी लेक मार्केटातून बर्फ आणला, मासेवाल्यांकडचा — खोलीभर वास. आणि हे तर मासळीला शिवायचेसुद्धा नाहीत. विमान कंपनीला फोन केला की एकच, काही सांगता येत नाही. उकाडा हा असा, त्यात वीज गेलेली. शेवटी घोषबाबूच म्हणाले, 'बौदी, आर राखा जाबे ना.' नाहीच ठेवता येत, मला काय दिसत नव्हतं? आज सकाळी नेलं. विनायकभावजींनी, माझ्या दिरांनी, अग्नी दिला. ती मंडळी घाटावरून परततायत तोच फोन — विमान सुटलं, संध्याकाळी पोचतंय. तिला? नाही, तिला ठाऊक नाही. बैरूतला निरोप देतो म्हणाले होते कंपनीवाले, मीच नको म्हटलं. परक्या गावात कुणाच्या गळ्यात पडून रडली असती पोर? — कपाळाकडे काय बघताय? हो, लावलंय. जावेनं पुसलं होतं, टॅक्सीत बसायच्या आधी पुन्हा लावलं. भावजी निघाले होते न्यायला, पण त्यांनी मुंडण केलेलं, कठड्यापलीकडूनच कळलं असतं तिला. माझ्याकडे बघून नाही कळायचं. घरापर्यंत तरी —

थांबा. काय सांगतायत? बैरूत म्हणाले ना? — आलं. ती बघा, जिन्यावरून उतरतेय, कोट हातात घेऊन. जाड झालीय हो. दिसले मी तिला. दोन्ही हात हलवतेय. हसतेय.

मीही हात करायला हवा, नाही?

तुम्ही जा बाई तिकडे, तुमच्या चेहऱ्यावरून कळेल तिला. पहिलं काय विचारेल ते मला माहितीय. जा म्हणते ना.