केशवच्या चाकातलं शिसं

मंडळी, जरा पुढे सरका. मागे ऊन आहे.

लक्ष्मीआजी, दम कसा आहे? आज खोकला कमी ऐकू येतोय, बरं वाटलं. बसूनच राहा, कुणी उठायला सांगितलं तरी उठू नका. रामभाऊ, डोळ्याची पट्टी निघाली ना? मग आता मी किती म्हातारा झालोय ते तुम्हाला दिसेल. बाबू, पाठ काय म्हणते? होडी ढकलताना जरा स्वतःच्या वयाकडे बघत जा. पारूताई, सून बाळंतीण झाली, दोन्ही जीव सुखरूप आहेत ना? असू देत, सुखरूप असू देत. हेडमास्तर, तुम्हाला ताप होता म्हणे, तरी आलात. आणि वहिनी, तुम्हाला मी काही विचारत नाही. नऊ दिवस झाले. दिसतंय मला.

शोकसभेत अशी विचारपूस करतात का? नसतील करत. पण मला जिथे जायचं आहे तिकडे पाय उचलत नाही, म्हणून वाटेत प्रत्येकाच्या ओट्यावर टेकतोय, झालं. भाषण करणं माझं काम नव्हे. मी जाळी विणणारा माणूस. अक्षरं शिकलो ती सुकट बांधायच्या रद्दीवरून. ही चार पानं लिहायला मला तीन दिवस लागले. चुकलं तर चालवून घ्या.

तुम्ही सगळे त्याला केशवमास्तर म्हणता. मी केशवच म्हणत आलो. आज अहोजाहो केलं तर तो जिथे असेल तिथे हसेल.

तो मूळचा वेवजीचा. तिकडचा, गुजरातच्या हद्दीला लागून असलेला. इथे चिंचणीला शाळेत आला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि एक सायकल. खाऱ्या वाऱ्यात सायकल टिकत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी चाकं करकरायला लागली. डहाणूच्या दुकानात न्यायची तर अर्धा दिवस मोडतो. मग हा गडी स्वतःच उघडून बसला. कुणी शिकवलं नाही. उघडलं, बघितलं, पुन्हा लावलं, चुकलं, पुन्हा उघडलं. मी कुंपणावरून बघत होतो. म्हटलं, मास्तर, हा जाळ्याचा गुंता नव्हे, हाताला येईल का? तर म्हणाला, "हऱ्या, बघत काय उभा राहिलास, ये, हा पाना धर."

तेव्हापासून आमचा नेमच झाला. भांगाचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. पाण्याला ओढ नसते, डोल जाळं लावून उपयोग नसतो, होड्या वाळूत पडून राहतात. त्या दिवसांत एक रविवार आम्ही चाकांना दिलेला. सकाळी त्याच्या अंगणात सायकल उलटी करायची. वहिनी जुन्या लुगड्याचं फडकं काढून ठेवायच्या. करवंटीत घासलेट. चाकाच्या मधोमध जे नळकांडं असतं त्याला हब म्हणतात, त्याच्या दोन्ही तोंडांत छर्रे असतात. मागच्या चाकाला नऊ आणि नऊ, अठरा. त्यांना जागेवर धरून ठेवतो तो कोन, एक निमुळता नट. तो सोडायचा, छर्रे करवंटीत उतरवायचे, आणि काळं पडलेलं, मीठ खाल्लेलं जुनं ग्रीस बोटाने काढायचं. वर्षभराचा रस्ता त्या ग्रीसमध्ये असायचा. धूळ, वाळू, रानशेतची तांबडी माती.

आणि मग छर्रे धुवायचे. मंडळी, तुम्ही कधी बघितलेत का घासलेटात धुतलेले छर्रे? करवंटी हलवली की ते एकमेकांभोवती फिरायचे, गोल गोल, आणि प्रत्येकात एकेक एवढंसं आभाळ. त्यात आमचं माडाचं झाड, त्यात वहिनींची दोरीवर वाळणारी साडी. आम्ही दोघं मोठे बाप्ये, मला मुलंबाळं झालेली, आणि आम्ही तासन्‌तास त्यात बघत बसायचो. बोलायचो नाही फारसं. समुद्रही सुस्त पडलेला असायचा. माशी फिरली तरी ऐकू यायची. वहिनी आतून विचारायच्या, "झालं का तुमचं? जेवणार आहात की ग्रीसच खाणार?" केशव म्हणायचा, "आलो गं, एकच छर्रा राहिलाय." तो एकच छर्रा दुपारपर्यंत पुरायचा.

शेवटी चाक लावून त्याला एक फिरकी द्यायची. आणि कान लावायचा. "बोलतंय का काही?" तो विचारायचा. मी म्हणायचो, "नाही, गप्प आहे." गप्प चाक फिरत राहायचं. इतका वेळ फिरायचं की बघता बघता ते फिरतंय हेही विसरायला व्हायचं. आपणच तरंगतोय असं वाटायचं.

आता ते सांगतो, ज्यासाठी उभा राहिलो.

स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. असाच रविवार होता. मागचं चाक मांडीवर, छर्रे करवंटीत. तेवढ्यात वेवजीकडचा एक ओळखीचा माणूस निरोप घेऊन आला. केशवचे वडील, बापू, अंथरुणावर होते. पाणीसुद्धा घोट घोट जात होतं. केशवचं नाव घेत होते. उद्या पोचलास तर बघशील, असा निरोप.

त्या काळी एसटी किती होत्या आणि किती भरवशाच्या होत्या ते तुम्ही जाणता. सायकल होती, पाय होते. तो म्हणाला, "पहाटे निघतो. डहाणूवरून रानशेत, तिथून तलासरी. दुपारी उन्हं कलायच्या आत वेवजी. हऱ्या, चाक भर, मी पेटी आवरतो."

मी चाक भरायला बसलो. आणि एक छर्रा बोटातून सुटला.

आपलं अंगण म्हणजे वाळू. त्यात शिंपल्यांचा चुरा. मी चाळणीने चाळलं, ओंजळीने चाळलं, गुडघ्यांवर रांगलो. नाही सापडला. आत केशव घाई करत होता. त्याला सांगू? सांगितलं तर तो डहाणूला धावणार, रविवारी दुकान बंद, उद्या उघडायला नऊ वाजणार. अर्धा दिवस जाणार. तिकडे बापू घोट घोट पाणी पीत होते.

कुंपणापलीकडे माझ्या भिंतीवर पाग टांगलेला होता, फेकायचं जाळं. पाग तळाला बसावा म्हणून त्याच्या कडेला शिशाचे मणी असतात. जाळ्याचा माणूस मी, अडलं की हात जाळ्याकडेच जाणार. एक मणी काढला. दगडावर हातोडीने ठोकून भोक बुजवलं, गोल केला, घासला. छर्ऱ्याएवढा झाला. बोटांत धरून बघितला तर वाटलं, वा हऱ्या, काय अक्कल. आठ पोलादाचे छर्रे आणि एक शिशाचा. वर भरपूर ग्रीस. काही दिसत नव्हतं.

केशव बाहेर आला. त्याने स्वतःच्या हाताने कोन आवळला, फिरकी दिली. "बोलतंय का काही?"

मी म्हटलं, "नाही, गप्प आहे."

पहाटे तो गेला.

शिसं मऊ असतं. हे मला माहीत नव्हतं का? आयुष्यभर दातांनी दाबून जाळ्याला मणी लावले मी. पण जाळ्यात मऊ असणं हा गुण आहे. चाकात माणूस बसतो. रानशेतच्या चढणीवर तो मणी चिरडला. त्याचे पोपडे सुटून छर्ऱ्यांच्या मधे गेले, कोन अडकला आणि चाकाबरोबर फिरून आपोआप आवळत गेला. चाक जागच्या जागी बसलं. केशवने लाथा मारल्या, तेल ओतलं. पाना घरी होता. माझ्या हाताशी राहिलेला. मग सायकल खांद्यावर घेऊन चालला. रानशेतला लाडक्या म्हणून एक होता, त्याच्या खोपटापाशी ठेवली. लाडक्या म्हणाला, "ही नाय हालायची, गुरुजी. दमल्या बैलावानी बसली." तिथून तो चालत निघाला. कधी बैलगाडी मिळाली, बाकी चालतच. वेवजीला पोचला तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन वर आलं होतं. बापू आदल्या संध्याकाळी गेले होते.

त्याची धाकटी बहीण जेठी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "भाई, बापू दिवे लागेपर्यंत दाराकडं बघत होते."

सायकल वाटेत अडकल्याचं तिसऱ्या दिवशी मला कळलं. मी रानशेतला गेलो, लाडक्याच्या अंगणात चाक उघडलं. आत काळं, चपटं झालेलं शिसं. ते मी फडक्यात पुसून घेतलं आणि ओढ्यात टाकलं. लाडक्या म्हणाला, "काय व्हतं?" मी म्हटलं, "कचरा."

केशव सगळं आटपून परत आला. डोकं भादरलेलं. पायरीवर बसला आणि मला विचारलं, "काय झालं होतं रे चाकाला?"

माझ्या तोंडात खरं आलं होतं, मंडळी. जिभेच्या टोकावर होतं. आणि मी म्हटलं, "कोन जरा जास्त आवळला गेला होता."

तो म्हणाला, "मीच आवळला. हाताला घाई होती."

मी त्याला म्हटलं नाही की तुझा हात बरोबर होता.

तुम्ही त्याची नक्कल करायचात ना? "कोन हलका ठेवा, केसभर सैल ठेवा." गावातली कुठलीही सायकल उघडली की मास्तर येऊन हेच सांगणार. तुम्हाला वाटायचं, मास्तराची खोड आहे. खोड नव्हती ती. तो मला तुमच्यासमोर रोज शिक्षा देत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

फार वर्षांनी, असाच एक भांगाचा रविवार, मी धीर करून आडून आडून विचारलं. म्हटलं, केशव, समज, भरताना एखादा छर्रा हरवला तर काय करायचं? तो म्हणाला, "काही नाही करायचं. आठांवर लावायचं. चाक सांभाळून घेतं. एक दात पडला म्हणून कुणी उपाशी मरतं का?"

म्हणजे मी काहीच केलं नसतं, तर तो पोचला असता.

त्या दिवशी मी जेवलो नाही. वहिनी, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही विचारलंत, भावजी, पोट बिघडलं का. मी हो म्हटलं.

वहिनी, तुम्ही मघापासून मान वर केलेली नाही. मी थांबू का? ... बरं. बोलतो.

दर भाऊबीजेला तो वेवजीला जायचा. जेठी ओवाळायची. ताटात सगळं असायचं, करंजीसुद्धा. पण बोलायची नाही. ताट खाली ठेवलं की तोंड फिरवून चुलीकडे. हा परत येऊन मला सांगायचा, "यंदा तिने पाण्याचा तांब्या स्वतः दिला." एवढ्यावर त्याचं वर्ष निघायचं. आणि मी त्याचा मित्र, मी ऐकत बसायचो.

नऊ दिवसांपूर्वी आपण तिला निरोप पाठवला. काय उत्तर आलं ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही. ती म्हणाली, "तो बापूसाठी वेळेत आला नाही. मी त्याच्यासाठी येऊन काय करू."

मंडळी, एक मेलेला माणूस माझा दोष डोक्यावर घेऊन निघालाय. तो उतरवून घ्यायला मी आज उभा राहिलो. तुम्ही मला बोला. वाळीत टाका म्हणालात तरी मान खाली घालीन. वहिनी, तुम्ही तर काहीही म्हणा. पण त्याला आता कुणी उशिरा पोचलेला मुलगा म्हणू नका. तो वेळेत निघाला होता. त्याचे हात बरोबर होते. त्याचा कोन बरोबर होता.

आता उभे राहूया. लक्ष्मीआजी, तुम्ही नाही. टाळ्या नकोत, घोषणा नकोत. केशवला शांतता आवडायची. घटकाभर त्याला त्याची शांतता देऊ. आणि मनातल्या मनात म्हणू, जा बाबा, बापूंच्या दारात जाऊन बस. उशीर झालेला नाही तुला.

...

बसा.

शेवटचं चार ओळींचं राहिलं. ते इथल्या कुणासाठी नाही. ही पानं उद्याच्या टपालाने वेवजीला जातील, कुणी ना कुणी तिला वाचून दाखवील.

जेठी, माझ्या पोरी, तुझी तब्येत कशी आहे? गुडघे धरतात असं तो सांगायचा. तू पंधरा वर्षं ज्या चुकीसाठी रुसलीस ती तुझ्या भावाची नव्हतीच, ती माझी होती. तेरावं चार दिवसांवर आहे. येता आलं तर ये, वहिनी तुझी वाट बघतील. नाही जमलं, तर एक पोस्टकार्ड टाक. मला शिव्या लिहिल्यास तरी चालतील, जागा पुरेल तेवढ्या लिही. पण वरती, पहिल्या ओळीत, त्याला भाई म्हण. मी ते वहिनींना मोठ्याने वाचून दाखवीन.

उत्तर लवकर लिही.