सहा नंबरमधला वजनकाटा

(सरकारी दवाखान्यातली सहा नंबरची खोली. एक टेबल, एक पलंग, हिरवा पडदा आणि कोपऱ्यात वजनकाटा.)

सासू : वजन करायला अर्धा तास लागतो होय? भाजीवाला तेवढ्यात गोणीभर बटाटे तोलून मोकळा होतो.

सिस्टर : काटा जुना आहे, मावशी. स्थिरावायला वेळ लागतो.

सासू : मला शेंडी लावू नका. बाहेरच्या खांबाआडून सगळं बघत होते मी. माझी सून आत गेली, दार लागलं, आणि बाहेर आली ती डोळे पुसत. वजन बघून कुणी रडतं का?

सिस्टर : रडतात की. माझं मी बघितलं तर मलाही रडू येतं.

सासू : थट्टा नको हो! माझ्या जिवाला घोर लागलाय.

शिपाई : सिस्टर, पुढचा पेशंट सोडू का आत?

सिस्टर : जरा थांबा, मामा.

शिपाई : थांबतो. दुसरं काय करतो मी इथं? काटा बाहेर दारात होता तेव्हा रांग कशी झरझर सरकायची. आता कुणाला ताप आला, सहा नंबर. कुणाचा पाय मुरगळला, सहा नंबर. तो काटा इथं ओढून आणताना माझी कंबर धरली, ती अजून सुटायचं नाव नाही.

सिस्टर : मग या ना, कंबर तपासू. दार लावून घेते.

शिपाई : मला काही झालेलं नाही! ठणठणीत आहे मी. बसतो बाहेर.

सिस्टर : बघा, पळाले. बसा मावशी, उभ्या का?

सासू : बसत नाही मी. उभीच बरी आहे. हे बघा, सून घरातून निघाली ती शिवणाच्या क्लासला जाते म्हणून. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मागोमाग आले. चोरासारखी आले, सांगायला लाज कसली! आता तुम्ही मला सांगा, काय झालंय तिला?

सिस्टर : ते मी सांगणार नाही.

सासू : मी काय परकी आहे? एका घरात राहतो आम्ही. तिच्या डोक्याला तेल मी लावून देते.

सिस्टर : लावा की. चांगलंच आहे.

सासू : माझी धाकटी बहीण गेली, सिस्टर. छातीत गाठ होती. कपड्यांखाली झाकून हसत राहिली बया, कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. आता ही पोरगी डोळे पुसत बाहेर आली आणि मी थेट तुमच्या खोलीत शिरले. पुन्हा तेच नको हो माझ्या घरात!

सिस्टर : वाईट झालं, मावशी. फार वाईट झालं.

सासू : मग एवढंच सांगा, जिवाला धोका नाही ना? तोंडानं सांगू नका. नुसती मान हलवा.

सिस्टर : मानही हलवणार नाही.

सासू : दगड आहात का हो तुम्ही?

सिस्टर : आज तुमच्यासाठी मान हलवली, उद्या दुसऱ्या कुणाची सासू येईल. तेव्हा मी गप्प राहिले, तर ती काय समजायचं ते समजून जाईल. त्यापेक्षा माझं गप्प बसणं सगळ्यांना सारखं. तुमच्या मुलानं येऊन विचारलं, तरी हेच.

सासू : नवऱ्यालासुद्धा नाही?

सिस्टर : शरीर तिचं, निर्णय तिचा. कुणाला कधी सांगायचं, ते तिचं ती ठरवेल.

सासू : मी मोठ्या डॉक्टरांकडे जाते. तक्रार करते तुमची.

सिस्टर : जा. डाव्या हाताला शेवटची खोली. तेही हेच सांगतील, फक्त चष्मा काढून सांगतील.

सासू : ...खमक्या आहात.

सिस्टर : पोटासाठी व्हावं लागतं. पाणी देऊ?

सासू : नको, पाणी नको. आधी मला हे सांगा, तो काटा का आणला आत? मामांची कंबर मोडून?

सिस्टर : पूर्वी या खोलीत फक्त बायकांची दुखणी यायची. कुणी इकडे वळलं, की बाकावरच्या सगळ्या माना वळायच्या. एक मुलगी दारापर्यंत आली, माणसं बघितली आणि आल्या पावली परत गेली. पुन्हा काही आली नाही. मग म्हटलं, काटाच आत घेऊ. आता ज्याला त्याला इथं यावंच लागतं. कोण कशाला आलं, कुणाला कळायचं कारण नाही.

सासू : आणि हे मामा? अजून तसेच ओरडतात?

सिस्टर : आता फक्त नाव पुकारतात. दुखणं पुकारायचं नाही, असं बजावलंय.

सासू : पूर्वी पुकारायचे.

सिस्टर : हो. कोण कुठल्या खोलीत जाणार, ते पटकन कळावं म्हणून. तशी पद्धतच होती.

सासू : पद्धत! "लघवी सुटते त्या बाई कोण? पुढं या!" असं ओरडले होते ते. भर व्हरांड्यात. समोर आमच्या ह्यांचे दोस्त बसलेले, शेजारी जाऊबाई बसलेली. कुणीतरी फिसकन हसलं. मी उठले ती थेट घरी.

सिस्टर : तुम्ही?

सासू : मुलाचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा. त्यानंतर आज या दवाखान्याची पायरी चढले, तीही सुनेपायी.

सिस्टर : आणि दुखणं?

सासू : ते कुठं जातंय? खोकलं की सुटते, हसलं की सुटते. आता तर उठता-बसता अंग खाली येतं. म्हणून बसत नाही कुणाकडे. लग्नाकार्याला जात नाही, बसमध्ये चढत नाही. सुनेला वाटतं, सासूचा तोरा आहे. वाटू दे म्हटलं, तोरा परवडला.

सिस्टर : मावशी, याला इलाज आहे. किती बायका बऱ्या होऊन गेल्यात इथून.

सासू : बहिणीला मी शिव्या घालते अजून, का लपवलंस म्हणून. आणि मी काय वेगळं केलं?

सिस्टर : आता केलंत ना. आज सांगितलंत.

सासू : घरी गेल्यावर तिला काही विचारू नको म्हणता?

सिस्टर : चहा करून द्या आणि जवळ बसा. तिला बोलावंसं वाटलं, तर बोलेल.

सासू : नाही बोलली तर?

सिस्टर : तर चहा पिऊन होईल.

सासू : ...पडदा ओढा तो. आणि माझं हे तिच्या कानावर जायला नको.

सिस्टर : तिनं येऊन विचारलं, तर तिच्यासाठीही मान हलवणार नाही. या, पलंगावर पडा. हळू. घाई नाही.

शिपाई : सिस्टर! मघाच्या बाई अजून आतच? भांडणबिंडण चाललंय का?

सिस्टर : वजन चाललंय, मामा.

शिपाई : एवढा वेळ?

सासू : काटा जुना आहे हो. स्थिरावायला वेळ लागतो.