हात पिरगाळला त्याची अर्जी

वसमतच्या कचेरीपुढं रांगेत उभ्या अमिनाबीनं कान टवकारले. पुढं भागाबाई अर्जनवीस दत्तोपंतांवर उखडली होती.

"मुकादमानं माझ्या धन्याचा हात पिरगाळला, म्हणून सांगितलं. तुमी इंग्रजीत काय लिवलं?"

"ट्वाइन. वळणं, पिळणं, गुंडाळणं, सगळं एकच."

"एकच? दोर वळतेत, लुगडं पिळतेत, पागोटं गुंडाळतेत! अन् येल झाडाला बिलगतो, त्याला?"

"त्यालाही तेच."

"म्हणूनच गोरा साहेब हसला! म्हणला, मुकादमानं मायेनं हातात हात गुंफला, तर तकरार कसली?"

"दुसरा शब्द मला येत नाही, बाई."

"उजवा हात द्या इकडं."

"कशाला?"

"शब्द देते."

"आई गं! सोड, सोड!"

"माझा धनी डाव्या हातानं जेवून राहिला. तुमीबी आता डाव्यानंच लिवा."